पाव सेकंदाचं हरीण

5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याजवळच्या शेरेवाडीची सतरा वर्षांची आदिती स्वामी जगज्जेती झाली. अंतिम लढतीत तिनं मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेराला 149-147 असं हरवलं. त्याच दिवशी ओजस देवतळेनं 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. ओजस मूळचा नागपूरचा, पण तयार झाला साताऱ्याच्याच दृष्टी अकादमीत, प्रवीण सावंत यांच्या हाताखाली. उसाच्या फडांच्या शेजारी सराव करणाऱ्या पोरांनी जग जिंकलं म्हणून तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण या दोघांच्या हातात जे धनुष्य होतं, त्याचा जन्म खेळासाठी झालेला नव्हता. ते जन्मलं हरणाच्या शिकारीसाठी.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात होलेस विल्बर ॲलन नावाचा एक शिकारी होता. साध्या धनुष्याचा बाण त्याला फार सावकाश जातोय असं वाटे. त्यानं धनुष्याची टोकं कापली, तिथं चाकं बसवली आणि दोरी त्यावरून फिरवली. 1966 मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, ते 1969 मध्ये मिळालं. कंपाउंड धनुष्य म्हणतात ते हेच. त्याची खुबी अशी, की दोरी ओढताना मध्यावर सगळा जोर लागतो, पण पूर्ण ओढली की चाकं फिरून भार एकदम उतरतो. साठ पौंडांचं म्हणजे सत्तावीस किलोंचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर पाच-सहा किलोंच्या जोरावर धरून ठेवता येतं. त्यामुळे ताणलेलं धनुष्य घेऊन थांबता येतं. हरीण वळेपर्यंत थांबायचं, नाही वळलं तर दोरी हळूच परत सोडायची.

स्पर्धेत कंपाउंडचं लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. आदितीनं अंतिम लढतीत पंधरा बाणांपैकी चौदा त्या वर्तुळात मारले. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जागा याच्या दुपटी-तिपटीनं रुंद असते. मग अशा नेमबाजाला पन्नास मीटरवरचं हरीण म्हणजे किरकोळ काम, असं कुणालाही वाटेल. तरीही अमेरिकेत धनुष्यानं शिकार करणारे जाणते लोक साधारण 25 मीटरच्या पुढे बाण सोडू नये असं नवशिक्यांना बजावतात. इतका नेम असताना एवढी भीती कशाची?

हिशेब करून पाहू. शिकारीचा बाण सेकंदाला साधारण 80 मीटर जातो, धनुष्य सुटल्याचा आवाज 340 मीटर. हरीण 25 मीटरवर असेल तर बाणाला पोचायला सेकंदाच्या तीन दशांशांहून थोडा जास्त वेळ लागतो, आवाज त्याआधीच पोचलेला असतो. मधे उरतो जवळपास पाव सेकंद. दचकलेलं हरीण सरळ उडी मारत नाही. उडीसाठी पाय गोळा करताना आधी त्याचं अंग खाली जातं. बाण जिथं नेमला होता तिथं पोचतो, पण छाती तिथं नसते. तो पाठीवरून तरी जातो, नाहीतर मणक्याच्या वरच्या मांसात रुततो. अंतर 40 मीटर झालं की हरणाला मिळणारा वेळ सेकंदाच्या एक तृतीयांशाहून अधिक होतो. या चुकीत नेमबाजाचा हात अचूकच असतो. चूक त्यानं बाण सोडायचं ठरवलं तेव्हाच झालेली असते. कागदाच्या लक्ष्याला कान नसतात, एवढाच काय तो फरक.

यातूनच धनुर्धारी शिकाऱ्यांचे नियम आले. बंदुकीची गोळी धक्क्यानंही मारते. बाण तसा मारत नाही. त्याचं धारदार पातं शिरा कापतं आणि प्राणी रक्त जाऊन मरतो. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तर हरीण थोडं अंतर पळून कोसळतं. पोटात लागला तर कित्येक तास तडफडतं आणि मैलभर जाऊनही सापडत नाही. म्हणून हरीण आडवं उभं असावं, किंवा किंचित पाठमोरं, म्हणजे बाण बरगड्यांमागून शिरून पुढच्या बाजूला जाईल. समोरून तोंड करून उभं असेल, सरळ पाठमोरं असेल, पळत असेल, मधे फांदी असेल, उजेड गेला असेल, तर सोडायचा नाही. बाण लागल्यावरही लगेच मागे धावायचं नाही. छातीत लागला असेल तर अर्धा तास, पोटात लागला असेल तर अनेक तास थांबायचं, कारण पाठलागानं हरीण उठतं आणि आणखी लांब जातं. रक्ताच्या रंगावरून जखम ओळखायची: फेसाळ गुलाबी म्हणजे फुप्फुस, गडद म्हणजे यकृत, हिरवट घाण म्हणजे आतडं. वाचताना अंगावर येतं खरं. पण हे सारं त्यांना शिकवावं लागतं, कारण बाण चुकतात.

किती चुकतात? अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या आवारात 1989 ते 2006 या काळात बाण लागलेल्या 908 हरणांची नोंद ठेवली गेली. त्यांतली 162, म्हणजे शंभरात अठरा, हाती लागली नाहीत. तिथले शिकारी आधी परीक्षा देऊन आलेले होते, हे ध्यानात घ्यायला हवं. हा आकडा कमी म्हणायचा की जास्त, यावर तिकडे अजून भांडण आहे. ब्रिटननं तर धनुष्यानं शिकार करायलाच बंदी घातलेली आहे. मला अठरा हा आकडा जास्तच वाटतो. पण एवढी प्रामाणिक मोजदाद ठेवणाऱ्यांबद्दल आदरही वाटतो.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. आपल्या महाकाव्यांतले लक्षात राहिलेले बाण पाहिले तर बरेचसे चुकीच्या वेळी सुटलेले आहेत. दशरथानं रात्री शरयूकाठी घागर बुडाल्याचा आवाज ऐकला, हत्ती पाणी पितोय असं समजून आवाजावर बाण सोडला, आणि तो लागला एका तापसकुमाराला. शब्दवेधाची विद्या त्याला येत होती, नेम अचूक होता. लक्ष्य काय आहे ते त्यानं पाहिलेलं नव्हतं. जरा नावाच्या व्याधानं झाडाखाली पहुडलेल्या कृष्णाला हरीण समजून त्याच्या तळपायावर बाण मारला. पंडूची गोष्ट आणखी बारकाईची आहे. त्यानं मीलनात असलेल्या हरणांच्या जोडीवर बाण सोडले. त्यातला नर म्हणजे किंदम ऋषी. मरताना तो पंडूशी वाद घालतो, तेव्हा शिकार केली म्हणून त्याला दोष देत नाही. राजे मृगया करतात हे त्याला मान्य आहे. तू थांबला का नाहीस, एवढंच तो विचारतो. आणि पंडू उत्तर देतो ते कायद्यावर बोट ठेवून: क्षत्रियाला हरीण मारायचा हक्कच आहे. हक्क आहे म्हणून बाण सोडणारा आणि हक्क असूनही थांब म्हणणारा, यांचा तो वाद. आजच्या शिकारी शाळेत तो जसाच्या तसा शिकवता येईल.

सातारा-सांगलीत मात्र या प्रश्नाला कायद्यानं केव्हाच कुलूप लावलंय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 9 नं शिकारीला मनाई आहे. शिकार म्हणजे काय हे सांगताना कायदा नुसतं मारणं धरत नाही. मारण्याचा प्रयत्न, पकडणं, फास लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारच. म्हणजे सावजाला न लागता झुडपात गेलेला बाणही आपल्या कायद्यात शिकारच ठरतो. नेम चुकला म्हणून सुटका नाही. भेकर असो, सांबर असो की चितळ, हाच नियम.

कायदा आहे म्हणून फास नाहीत असं मात्र नाही. तारेचा फास लावणाऱ्याला नेम लागत नाही, अंतर मोजावं लागत नाही, हरीण आडवं की पाठमोरं हे बघावं लागत नाही. नर, मादी, गाभण, पाडस, कुणाचं पाऊल पडेल ते. रानडुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्याही अडकतो. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं सगळं नीतिशास्त्र उभं आहे ते निवडीवर, आणि फासात निवडच नाही. म्हणून तिकडच्या चर्चेतला कुठला मुद्दा इथं शिकारीला मोकळीक द्या म्हणून आणला जातो, तेव्हा मला तो पटत नाही.

तिकडचा एक मुद्दा मात्र खरा आहे: हरणं वाढली की करायचं काय? सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला तो प्रश्न समोरच उभा राहिला. धों. म. मोहिते यांच्या खटपटीतून उघड्या माळावर झाडं लागली, हरणं बाहेरून आणून सोडली गेली आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, बारमाही पाणी नाही. आत सांबर, चितळ, काळवीट वाढत गेले आणि बाहेर ऊस, द्राक्षं. कुंपणातून निसटलेला कळप रात्रीत काय करतो ते आसपासच्या शेतकऱ्यांना विचारावं. त्यांचा राग खोटा नाही.

त्यावरचा इथला उपाय वेगळा आहे: सागरेश्वरची चितळं पकडून चांदोलीकडे, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात न्यायची. 2010 मध्ये कोयना आणि चांदोली मिळून हा प्रकल्प झाला, आणि तिथल्या वाघ-बिबट्यांना भक्ष्य हवंच आहे. पण हरीण पकडणं हे हरीण मारण्याइतकंच नाजूक काम. पाठलाग करून, जाळं टाकून धरलेलं हरीण अंगावर ओरखडा नसतानाही दोन-चार दिवसांत मरू शकतं, कारण भीतीनं आणि धावपळीनं त्याचे स्नायू आतून खराब होतात. म्हणून देशात अशा स्थलांतरांसाठी आफ्रिकेतली बोमा पद्धत वापरतात. नरसाळ्याच्या आकाराचं लांब आवार करायचं, बाजूनं आरपार दिसणार नाही असं हिरवं कापड लावायचं, आत चारा ठेवायचा आणि कळप आपण होऊन आत येण्याची सवय होईपर्यंत दिवसामागून दिवस वाट बघायची. माणसांनी जवळ जायचं नाही, आवाज करायचा नाही. कळप पुरेसा आत आला की मगच मागचं दार लावायचं, आणि निमुळत्या तोंडाशी उभ्या केलेल्या वाहनात हरणं चालत चढतील असं बघायचं.