बटण खातं की पाय खातो?

"मावशी, स्पोर्ट दाब ना!"

आम्ही पुण्याहून वाईला निघालो होतो. कात्रजचा बोगदा मागे पडला आणि माझ्या भाचीची, ओवीची, भुणभुण सुरू झाली. माझ्या विजेच्या गाडीत तीन मोड आहेत : इको, सिटी आणि स्पोर्ट. इकोमध्ये गाडी शहाण्या बाळासारखी चालते आणि स्पोर्टमध्ये अशी उसळी घेते की पाठ सीटला चिकटते.

मी स्पोर्ट दाबलं, तशी ओवीच घाबरली. "पण दादा म्हणतो, स्पोर्ट मोड बॅटरी खातो. वाईला पोचू ना आपण?"

"दादाचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे," मी म्हटलं. "तुझ्या पानात तूप कोण वाढतं?"

"कधी आई, कधी आजी."

"आईला 'थोडंसं तूप' म्हटलं तर?"

"चमचाभर."

"आणि आजीला?"

"वाटीच उपडी करते!"

बस्स! इको म्हणजे आई आणि स्पोर्ट म्हणजे आजी. विजेच्या गाडीत पायाखालचा अॅक्सिलरेटर मोटरला थेट जोडलेला नसतो. पाय किती दाबला, एवढंच तो गाडीतल्या संगणकाला कळवतो. मोटरला किती वीज द्यायची, ते संगणक ठरवतो. पाय तेवढाच दाबलात, तरी इकोमध्ये तो हात राखून वाढतो आणि स्पोर्टमध्ये सढळ हातानं. मागणी तीच, वाढप मात्र वेगळं.

म्हणजेच स्पोर्टमध्येही पाय अलगद ठेवून तुम्ही इकोइतक्याच सावकाश गेलात, तर वीज जवळपास तेवढीच लागते. आजीसुद्धा 'पुरे' म्हटलं की थांबतेच की! अडचण एवढीच, की गाडी उसळायला लागली की 'पुरे' म्हणायचं सुचत नाही.

आता या उसळीची किंमत मोजू. घरच्या वीजबिलात 'युनिट' असतं ना, गाडीची बॅटरीही त्याच युनिटांत मोजतात. एका युनिटात १० वॉटचा एलईडी दिवा १०० तास जळतो. समजा, आपली गाडी दीड हजार किलोची आहे. ती उभी असताना तिला ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला आणायला जी ऊर्जा लागते, तिच्यात हा दिवा सुमारे ४ तास जळेल. आणि ताशी १०० ला आणायला? ८ तास म्हणालात ना? चूक! तब्बल १६ तास! कारण वेग दुप्पट झाला की गतीची ऊर्जा चौपट होते.

हवेचंही असंच. उभ्या गाडीला हवा जाणवत नाही, पण वेग वाढला की हवाच आडवी येते. ताशी ८० वरून १०० वर गेलात, तर वेग फक्त सव्वापट होतो. हवेचा अडथळा मात्र दीडपटीहून जास्त वाढतो. मोड कुठलाही असो, हवा कुणाला सूट देत नाही.

हवा आडवी येते, हे लोकांना फार पूर्वीच कळलं होतं. ताशी १०० किलोमीटरचा टप्पा सगळ्यात आधी ओलांडणारी मोटारगाडी पेट्रोलची नव्हती, विजेचीच होती! २९ एप्रिल १८९९ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळ, कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकानं ती ताशी १०५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं पळवली. हवा कापायला सोपी जावी म्हणून तिला टॉर्पेडोसारखा निमुळता आकार दिला होता. गंमत म्हणजे जेनात्झी स्वतः मात्र कमरेपासून वर बाहेरच! सगळी हवा त्याच्या छातीवर. गाडीचं फ्रेंच नाव होतं 'ला जामे काँतांत', म्हणजे 'कधीच समाधान न होणारी'. स्पोर्ट मोडला शोभेल असं नाव आहे की नाही?

तिसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही. जोरात उसळी घ्यायची तर बॅटरीतून मोठा प्रवाह एकदम खेचावा लागतो. प्रवाह दुप्पट झाला की तारांत आणि बॅटरीत तयार होणारी उष्णता चौपट होते. म्हणजे काम निम्म्या वेळात उरकलं, तरी एकूण उष्णता दुप्पटच. ही वीज चाकापर्यंत पोचतच नाही, वाटेतच गरम होऊन वाया जाते.

तेवढ्यात खेड शिवापूरचा टोलनाका आला. मी लांबूनच पाय उचलला. "मावशी, काटा हिरव्यात गेला!" ओवी ओरडली. तो हिरवा भाग म्हणजे गाडीची परतफेड. पाय उचलला की मोटर उलटं काम करायला लागते. सायकलचा डायनामो चाकाला टेकवल्यावर पेडल जड होतं आणि दिवा लागतो, तसंच. चाकं मोटरला फिरवतात, गाडी हळू होते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते.

"मग काय," ओवी म्हणाली, "पळवायची आणि परत मिळवायची!"

तसं होत नाही. दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं की थोडं भांड्याला चिकटून राहतं. वीजही बॅटरीतून मोटरमध्ये, मोटरमधून चाकात आणि परत उलट्या वाटेनं येताना थोडीथोडी चिकटत जाते. त्यातून करकचून ब्रेक मारलात, तर साधे ब्रेकही मदतीला धावतात आणि वेगाची नुसती उष्णता होऊन जाते.

मग दादाचं अर्धं बरोबर ते कुठलं? काही गाड्यांत मोड स्वतःसुद्धा थोडं खातो. ह्युंदाईच्या आयोनिक ५ च्या दोन मोटरवाल्या गाडीत, इकोसारख्या मोडमध्ये गरज नसेल तेव्हा पुढची मोटर चाकांपासून चक्क सोडवून ठेवता येते, म्हणजे ती उगाच फिरत राहत नाही. उलट तिची शर्यतवाली बहीण, आयोनिक ५ एन, शर्यतीआधी बॅटरी योग्य तापमानाला आणून ठेवते. त्यालाही वीज लागतेच.

तरी एकूण फरक किती पडावा? पुण्याच्या बजाजनं २०२० मध्ये विजेची चेतक स्कूटर बाजारात आणली. तेव्हा कंपनीनं सांगितलं होतं, की एका चार्जिंगमध्ये ती इकोमध्ये ९५ किलोमीटर जाईल आणि स्पोर्टमध्ये ८५. फरक फक्त १० किलोमीटरचा!

आता तुमचं काम. घरी किंवा शेजारी विजेची गाडी असेल, तर चालवणाऱ्या मोठ्यांना विचारून एकाच रस्त्यावर तीन फेऱ्या मारायला लावा. एसी तिन्ही वेळा सारखाच ठेवायचा. पहिली फेरी इकोमध्ये, दुसरी स्पोर्टमध्ये पण पाय अलगद ठेवून, तिसरी स्पोर्टमध्ये त्यांच्या नेहमीच्या सवयीनं, पण वेगमर्यादा पाळूनच. दर फेरीत किती वीज खर्च झाली, तो गाडीच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहा. तिन्हींपैकी कुठले दोन आकडे जवळजवळ येतील, त्याचा अंदाज मात्र निघण्याआधीच लिहून ठेवा. खोडायचा नाही हं!