न विचारता घेतलेला जामीन

जाहिरात ही पासष्टावी कला आहे, असे मराठीत गमतीने म्हटले जाते. चौसष्ट कलांची प्रतिष्ठा तिला लाभली नसली, तरी त्या चौसष्टही कलांना कामाला जुंपण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे, हे खरे. मात्र शब्द, चित्र, संगीत आणि अभिनय यांहूनही मोलाची एक वस्तू जाहिरातदार वापरीत असतो. ती म्हणजे दुसऱ्याची पत. बँक कर्ज देताना जामीनदार मागते, तेव्हा त्याची संमती घेते, सही घेते आणि त्याची ऐपतही तपासते. जाहिरातीच्या जगात जामीनदाराला न विचारताच त्याची पत वापरली गेल्याची उदाहरणे विपुल आहेत. अमेरिकेतील तंबाखूच्या जाहिरातींचा इतिहास हा त्याचा सर्वांत ठळक नमुना होय. आज ज्याला संकेतस्थळांचा संसर्ग म्हणतात, ती विद्याही याच वाटेने चालते.

पांढऱ्या कोटाची पत

हाताने सिगारेट वळणारा कुशल कामगार मिनिटाला जेमतेम तीनचार सिगारेटी वळीत असे. जेम्स बॉन्सॅक या तरुणाने १८८१ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट मिळविले आणि दिवसाला लाखाच्या वर सिगारेटी तयार होऊ लागल्या. माल उदंड झाला. प्रश्न उरला तो ओढणाऱ्यांचा. तेथून पुढे सिगारेटच्या धंद्यात कारखान्याइतकेच महत्त्व जाहिरातीला आले.

स्त्रियांनी रस्त्यावर धूम्रपान करणे त्या काळी अमेरिकेत असभ्यपणाचे मानले जाई. ३१ मार्च १९२९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुणींनी मिरवणुकीत उघडपणे सिगारेटी पेटविल्या. वर्तमानपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून छापली. हा बेत ‘लकी स्ट्राइक’च्या उत्पादकांचे सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी आखलेला होता, हे वाचकांना ठाऊक नव्हते. येथे पत वापरली गेली ती दोघांची: एका न्याय्य चळवळीची आणि वर्तमानपत्राच्या बातमीची.

पुढल्याच वर्षी त्याच कंपनीने जाहीर केले, की २०,६७९ डॉक्टरांच्या मते लकी स्ट्राइक घशाला कमी त्रासदायक आहे. गोल आकड्यापेक्षा विषम आकडा अधिक खरा वाटतो, हे हिशेब तपासणाऱ्यांना सांगावयास नको. विशेष म्हणजे हा आकडा एका लेखापरीक्षक संस्थेने प्रमाणित केल्याचेही जाहिरातीतच छापले होते! मोजणी बिनचूक असेलही. पण डॉक्टरांना आधी सिगारेटची खोकी भेट पाठवून, हवे ते उत्तर सुचविणारा प्रश्न सोबत जोडला होता, ही गोष्ट कोणत्याही प्रमाणपत्रात येत नाही. बेरीज बरोबर, पण मूळ नोंदच सदोष, असा हा मामला होता.

यानंतर डॉक्टर हा सिगारेटच्या जाहिरातीतील हुकमी चेहरा झाला. १९४६ मध्ये ‘कॅमल’ने १,१३,५९७ डॉक्टरांच्या पाहणीचा हवाला देऊन, इतर कोणत्याही सिगारेटपेक्षा कॅमल ओढणारे डॉक्टर अधिक आहेत, असा डंका पिटला. वैद्यकीय परिषदेच्या ठिकाणी डॉक्टरांच्या हाती कॅमलची पाकिटे फुकट ठेवायची आणि मग तुमच्या खिशात कोणती सिगारेट आहे, असे विचारायचे, ही त्या पाहणीची एक रीत होती. चित्रांतील प्रसन्न मुद्रेचे डॉक्टर बहुधा नटच असत. कोणा खऱ्या डॉक्टरने या व्यवहारात सही केली नव्हती. जामीन मात्र साऱ्या वैद्यकीय व्यवसायाचा घेतला गेला होता.

वैद्यकीय व्यवसायालाच या प्रकाराचा बळी म्हणावे, तर तेही अर्धसत्य ठरेल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मुखपत्राने १९३३ ते १९५३ अशी वीस वर्षे सिगारेटच्या जाहिराती स्वीकारल्या. त्याच मुखपत्रात मे १९५० मध्ये विंडर आणि ग्रॅहम यांचा, फुप्फुसाचा कर्करोग आणि धूम्रपान यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध झाला. तरीही जाहिराती आणखी तीन वर्षे चालूच राहिल्या. जाहिरातदार आपला माल खपविणारच. ज्याच्या पानावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात, त्याने ते पान भाड्याने देताना काय पाहिले, हा अधिक कठोर प्रश्न आहे. ‘रीडर्स डायजेस्ट’ त्या काळी अमेरिकेत जाहिराती घेत नसे. डिसेंबर १९५२ मध्ये त्याने धूम्रपान आणि कर्करोग यांवर लेख छापला आणि देशभर खळबळ उडाली, हा योगायोग मानणे कठीण आहे.

४ जानेवारी १९५४ रोजी तंबाखू कंपन्यांनी एकत्र येऊन ४४८ वर्तमानपत्रांत एक पानभर निवेदन दिले. लोकांचे आरोग्य हीच आमची सर्वोच्च जबाबदारी असून आम्ही संशोधनास साहाय्य करू, असा त्याचा आशय होता. आता डॉक्टरच्या जागी विज्ञान जामीन राहिले. त्यानंतरचा प्रवास परिचित आहे: १९६४ चा सर्जन जनरल यांचा अहवाल, १९६६ पासून पाकिटांवरील इशारा, २ जानेवारी १९७१ पासून आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील जाहिरातींना बंदी. २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी, या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, असा निर्णय दिला. न्यायालयाच्या आदेशावरून दुरुस्तीची निवेदने वर्तमानपत्रांत झळकण्यास मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला.

भारतात ही पत क्रिकेटची होती. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा ‘विल्स’च्याच नावाने खेळली गेली, आणि भारतीय खेळाडूंच्या पोषाखावरही तेच नाव होते. कायद्याची चाहूल लागताच २००१ मध्ये हे प्रायोजकत्व संपले. २००३ च्या कायद्यान्वये १ मे २००४ पासून तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या. तेच नाव लावून पानमसाल्याची वा वेलदोड्याची जाहिरात करण्याची पळवाट मात्र पुढेही शोधली गेलीच.

पान दुसऱ्याचे, ओळ तिसऱ्याची

वैद्यकीय मासिकाचे पान आणि क्रिकेटपटूचा सदरा यांना जे स्थान होते, ते आज बहुतेकांच्या आयुष्यात संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्याने घेतले आहे. मालवेअर, म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या यंत्रात शिरून चोरी वा नासधूस करणारी संगणकीय आज्ञावली. ती केवळ संशयास्पद संकेतस्थळांवरच भेटते, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. जेथे लोक निर्धास्तपणे येतात, तेथे ती पेरणे चोराला अधिक फायद्याचे असते.

संकेतस्थळाची रचना जुन्या, दुरुस्त्या न केलेल्या प्रणालीवर असेल किंवा चालकाचा पासवर्ड दुबळा असेल, तर चोर आत शिरून पानाच्या मजकुरात एखादीच ओळ मिसळतो. ती ओळ दिसत नाही. पान उघडताच ती ब्राउझरला गुपचूप दुसऱ्या संगणकाकडे पाठविते आणि तेथून मालवेअर येते. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ सामन्याच्या तोंडावर मायामीच्या डॉल्फिन स्टेडियमचे संकेतस्थळ असेच संसर्गित झाले. सामन्याची माहिती पाहण्यास आलेल्या ज्या रसिकांनी संगणकाच्या सुरक्षा-दुरुस्त्या केल्या नव्हत्या, त्यांच्या संगणकात पासवर्ड टिपणारी आज्ञावली शिरण्याचा धोका निर्माण झाला.

पान संसर्गित न करताही जाहिरातीच्या जागेतून हेच साधते. सप्टेंबर २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर एका परिचित दूरध्वनी कंपनीच्या नावाने कोणी जाहिरातीची जागा घेतली. आरंभी साळसूद जाहिराती आल्या. सप्ताहअखेरीस त्यांच्या जागी, तुमच्या संगणकात व्हायरस आहे, असा खोटा इशारा झळकू लागला आणि बनावट प्रतिबंधक प्रणाली विकत घेण्याचा आग्रह सुरू झाला. इतक्या मान्यवर वृत्तपत्राच्या पानावरचा इशारा खोटा कसा असेल, असे वाचकाला वाटले, तर त्याला दोष देता येईल काय? अलीकडे ब्राउझर आपोआप अद्ययावत होत असल्याने गुपचूप शिरकाव अवघड झाला आहे. त्यामुळे, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, येथे क्लिक करा’ अशा बनावट खिडक्यांवर चोरांचा भर आहे.

बँकेच्या ग्राहकाच्या दृष्टीने यांहून गंभीर प्रकार २०१८ चा आहे. त्या वर्षी ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये सुमारे पंधरा दिवस ‘ब्रिटिश एअरवेज’च्या संकेतस्थळावर अवघ्या २२ ओळींची परकी आज्ञावली दडलेली होती. प्रवासी कार्डाचा तपशील भरून तिकिटाचे पैसे देत. तिकीट मिळे, आणि तोच तपशील विमान कंपनीच्या नावाशी जुळत्या नावाच्या दुसऱ्या पत्त्यावरही पोहोचे. सुमारे ३,८०,००० व्यवहारांना याची झळ पोहोचली असावी, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२० मध्ये कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. कंपनी स्वतः चोरीची बळी होती, हे खरे. परंतु ग्राहकाने कार्ड चोराच्या हाती दिले नव्हते, कंपनीच्या हाती दिले होते.

पत्ता नीट वाचा, कुलपाचे चिन्ह पाहा, असा सल्ला बँका ग्राहकांना वर्षानुवर्षे देत आल्या आहेत. तो योग्यच आहे, पण या प्रकरणात पत्ताही खरा होता आणि कुलूपही खरे होते. दार योग्य घराचे आहे, एवढेच कुलूप सांगते; आत कोण लपले आहे, हे ते सांगू शकत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेचे काही नियम कंटाळवाणे वाटले तरी मोलाचे आहेत. ऑगस्ट २००९ पासून देशांतर्गत ऑनलाइन कार्डव्यवहारास कार्डावर न छापलेली आणखी एक ओळख द्यावी लागते. ओटीपीचा त्रास हा तो त्रास! परदेशी संकेतस्थळांवर मात्र अनेकदा ओटीपीविना व्यवहार होतो. ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड ऑनलाइन आणि परदेशी वापरासाठी आरंभी बंदच असते. ग्राहकाने ते आपणहून सुरू करावयाचे असते, आणि काम होताच पुन्हा बंदही करता येते. ही सोय किती ग्राहक वापरतात, याची विचारणा शाखेच्या काउंटरवर आवर्जून व्हावयास हवी. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार कंपन्यांना ग्राहकाचा कार्डक्रमांक साठविता येत नाही. त्याऐवजी टोकन ठेवावे लागते. बँकांनी आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये काढला व त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नकली बँकांना त्यामुळे आळा बसेल. खऱ्या पानात मिसळलेली ओळ शोधण्याचे काम मात्र बँकेच्या कर्मचाऱ्यांकडेच राहील. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखण्यासाठी पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

बँक कर्मचाऱ्यांनाही या सापळ्यातून सूट नाही, हे पोलंडमध्ये दिसले. तेथील वित्तीय नियामकाचे संकेतस्थळ चोरांनी संसर्गित केले. नियमांची परिपत्रके पाहण्यासाठी तेथे बँकांचे अधिकारी नित्य येणार, हे त्यांना ठाऊक होते. ती आज्ञावली सर्वांवर हल्ला करीत नसे. येणारा संगणक निवडक संस्थांच्या यादीतील आहे काय, हे ती आधी पाही, आणि सामान्य नागरिकाला सुखरूप जाऊ देई. २०१७ च्या फेब्रुवारीत ही बाब उघड झाली, तीही नियामकाकडून नव्हे. काही बँकांतील तंत्रज्ञांना आपल्याच संगणकांवर अनोळखी फाइली आणि बाहेर जाणारी, समजू न शकणारी सांकेतिक माहिती आढळली. त्यांनी ती लपवून न ठेवता इतर बँकांना कळविली. त्यांनीही आपापले संगणक तपासले, आणि माग काढीत सर्वजण नियामकाच्या दाराशी पोहोचले. नियामकाने पुरावे जपण्यासाठी आपले संकेतस्थळ काही काळ बंद केले.