जपलेली नौकाच परत येते

शिरूर घोडनदीच्या काठी वसले आहे, दौंड भीमेच्या काठी. घोड भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. या दोन गावांचे समुद्राशी नाते काय ते एवढेच. शिडाच्या नौकेने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोष्ट येथील बाजारपेठेला दूरची वाटली तर नवल नाही. तरीही भारतीय माणसाने शिडाच्या नौकेतून एकट्याने जगाला फेरी घालावी, हा ध्यास ज्यांनी घेतला ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर स्थायिक झाले ते फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी. दौंडहून बारामतीमार्गे तेथे जाता येते. समुद्रापासून दूर, कोरडवाहू मुलखात त्यांनी या स्वप्नाचा पाठपुरावा केला आणि पुढे नौदलाने ते आपलेसे केले. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या नौकेतून ही प्रदक्षिणा पूर्ण केली. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पुन्हा केली.

या पराक्रमांचे स्वागत झाले, सत्कार झाले. परंतु ज्या नौकांनी या माणसांना सुखरूप परत आणले, त्यांची निगा कशी राखली गेली, हे सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक प्रवासाचा निम्मा भाग तोच असतो.

मुंबईत बांधलेली ‘सुहेली’

या कथेचे एक टोक साठ वर्षांपूर्वीच्या मुंबईत आहे. ‘सुहेली’ ही बत्तीस फुटांची सागवानी नौका मुंबईच्या कारागिरांनी बांधली. व्यापारी जहाजावरील तरुण ब्रिटिश अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिचे मालक. १४ जून १९६८ रोजी ते तिच्यातून इंग्लंडहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी परतले. कोठेही न थांबता एकट्याने केलेली जगातील ही पहिली प्रदक्षिणा. स्पर्धेत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोहोचली ती एकटी ‘सुहेली’.

ती काही निर्दोष नव्हती. प्रवासाच्या आरंभीच तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर अटलांटिकमध्ये पाण्यात उतरून, श्वास रोखून सांध्यांत कापूस ठासला, त्यावर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे गोड्या पाण्याचा साठा नासला, रेडिओ निकामी झाला, सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र मोडले. प्रत्येक वेळी हाताशी होते त्यातूनच उपाय निघाला.

नंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. ही विख्यात नौका ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयात मानाने ठेवण्यात आली. तेथे ना लाट होती, ना ऊन, ना वारा. परंतु संग्रहालयाच्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. ज्या सागवानाने दक्षिणेचा खवळलेला महासागर सोसला, ते विश्रांतीने खिळखिळे होऊ लागले. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि तिची दुरुस्ती हाती घेतली. कुलूपबंद वाड्याची जी गत होते तीच न वापरलेल्या नौकेची होते. वापर आणि निगा यांची फारकत झाली की वस्तू संपते.

‘तारिणी’च्या दोन फेऱ्या

‘म्हादेई’ आणि तिची धाकटी बहीण ‘तारिणी’ या दोन्ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाल्या. ‘तारिणी’ फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. घर जवळ आले असताना, अखेरच्या टप्प्यात नौकेच्या सुकाणूत बिघाड झाला आणि मॉरिशसला थांबून तो दुरुस्त करावा लागला. नौका त्या वेळी जेमतेम सव्वा वर्षाची होती. नवेपणा ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हा धडा त्यात होता.

दुसऱ्या फेरीपूर्वी ‘तारिणी’ने एकूण सहासष्ट हजार सागरी मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे १,२२,००० किलोमीटर अंतर कापले. विषुववृत्तावरून पृथ्वीला तीन फेऱ्या घातल्या तरी इतके अंतर होत नाही. अशी वापरून मुरलेली नौका २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा जगप्रदक्षिणेला निघाली, आणि या वेळी तिच्यावर दोघीच होत्या: लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. निघण्यापूर्वी नौकेची कसून डागडुजी झाली, नवी उपकरणे बसवली गेली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन ही वाटेतली चार बंदरे. या बंदरांमधील प्रवासात दुसऱ्या कोणाची मदत मिळण्याची शाश्वती नव्हती. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटरवर, जे काही बिघडेल ते दोघींनीच ओळखायचे आणि दोघींनीच सुधारायचे. २९ मे २०२५ रोजी दोघी गोव्यात सुखरूप परतल्या.

खारे पाणी कोठून शिरते

जुन्या नौकेची दुरुस्ती म्हणजे मोडलेले जोडणे, हा समज अपुरा आहे. खरे काम मोडण्यापूर्वीच करायचे असते, आणि त्याचा मोठा भाग हार्डवेअरच्या कोणत्याही व्यापाऱ्याला सहज समजेल असा आहे.

स्टेनलेस स्टीलचेच पाहू. घरातील चांगली भांडी ज्याची होतात ते ३०४ क्रमांकाचे पोलाद, म्हणजे साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल, समुद्रावर पुरे पडत नाही. तेथे मॉलिब्डेनम मिसळलेले ३१६ लागते. तेही अजिंक्य नसते. स्टेनलेसचे रक्षण करणारा पातळ थर टिकायला प्राणवायू लागतो. जेथे हवा पोहोचत नाही आणि ओल साठते, अशा फटीत ते आतून कुजते. वरून मात्र चकचकीत दिसत राहते. डोलकाठीला उभे धरणाऱ्या तारा अशाच टोकाशी, जोडाच्या आत दगा देतात. म्हणून अनुभवी दर्यावर्दी तारेवरून कापसाचा बोळा फिरवतो: तारेचा एक पेड जरी तुटला असेल तरी कापूस अडकतो. दहा-पंधरा वर्षांनी या तारा, चांगल्या दिसत असल्या तरी, बदलाव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे.

तळाला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांच्या संपर्कात आले की त्यांतला एक झिजतो. ती झीज जस्ताने आपल्यावर घ्यावी आणि पंखा, दांडा वाचावा, अशी ही योजना. जस्त निम्मे संपले की नवे बसवायचे. तो चुकवलेला खर्च पुढे पंख्याच्या किमतीत भरावा लागतो.

काचतंतूच्या जुन्या नौकेत पाणी थरांत मुरते आणि तळावर फोड येतात. ते फोडून, नौका पूर्ण वाळवून, मगच इपॉक्सी भरायचे असते. वाळवण्याला महिने लागतात, आणि घाई केली तर ओल आतच राहते. तळाला चिकटणाऱ्या जीवांसाठी पूर्वीपासून तांबेयुक्त विषारी रंग वापरला जातो. आता सिलिकोनचे अतिशय गुळगुळीत लेपही मिळतात. त्यांत विष नसते. जीवांना घट्ट धरून राहता येत नाही आणि नौका चालू लागली की ते पाण्याबरोबर सुटतात. जीवहिंसा टाळू इच्छिणाऱ्याला हा पर्याय ठाऊक असावा.

नौकेचे डिझेल इंजिन ट्रॅक्टरच्या इंजिनाचा सख्खा भाऊ म्हणावे असे. टाकी अर्धी रिकामी राहिली की आत बाष्प जमते, पाणी तळाशी बसते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी धरते. टाकी भरलेली ठेवणे आणि गाळणी वेळेवर बदलणे, एवढाच त्यावर उपाय. तळातून पाणी आत घेणाऱ्या प्रत्येक झडपेशेजारी मऊ लाकडाची एक निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात. झडप तुटली तर ती खुंटी ठोकायची. शोधत बसायला तेव्हा वेळ नसतो.

साठा आणि वही

या सर्वांच्या मुळाशी दोन सवयी आहेत. पहिली नोंदीची. कोणता भाग कधी बसवला, शेवटचा कधी तपासला, त्याचा जादा नग कोणत्या खणात आहे, हे लिहिलेले नसेल तर चांगली नौकाही अंधारात चालते. नौकाधारकांत असा एक ठोकताळा आहे की नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी निगेसाठी बाजूला काढावी. आकडा कमीजास्त होईल. ती रक्कम खर्च न मानता भांडवलाचा भाग मानावी, हे मर्म.

दुसरी सवय टाकाऊ काहीच न मानण्याची. अभिलाष टॉमी यांची नौका २०१८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेत हिंदी महासागरातील वादळात सापडून निकामी झाली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. २०२२ मध्ये ते पुन्हा त्याच स्पर्धेत उतरले. १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका तेथे चालतात. प्रवासात वाऱ्यावर चालणारे सुकाणूयंत्र मोडले, तेव्हा त्यांनी नौकेतील शौचालयाचे दार कापून त्याचा भाग बनवला. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोहोचले.

शिरूर-दौंडच्या पट्ट्यातील साखर कारखान्यांना ही शिस्त अपरिचित नाही. गळीत हंगाम संपला की यंत्रे खोलली जातात. पुढचा हंगाम कसा जाईल हे त्या शांत महिन्यांत ठरते. कोकणच्या किनाऱ्यावरही पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या ओढून वर घेतात, तपासतात, रंगवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटतात. खोल समुद्रातून परतलेल्या नौकेचे पहिले काम तर याहूनही साधे असते. तिला शेंड्यापासून तळापर्यंत गोड्या पाण्याने धुतात, म्हणजे फटीफटींत बसलेले मीठ निघून जाते. पुढच्या प्रवासाची तयारी तेथूनच सुरू होते.