घरचे सोयाबीन आहारात घेताना: आधी उकळा, मगच दळा

मळणी झाली की सोयाबीनचे सगळे कट्टे बाजार समितीत जातात. तेल निघते, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरात मात्र महाग झालेली तूरडाळ मोजून शिजते. सोयाबीनमध्ये सुमारे 40 टक्के प्रथिने व 20 टक्के तेल असते; तूर, हरभऱ्यात प्रथिने 20-22 टक्क्यांच्या आसपास. शिवाय गहू-ज्वारीत कमी असणारे लायसिन हे अमिनो आम्ल सोयाबीनमध्ये भरपूर असल्याने चपाती-भाकरीशी त्याची जोडी चांगली जमते.

तरीही घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: "सोयाबीन पचत नाही, उष्ण पडते." तक्रार खोटी नाही. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर नावाचा घटक असतो. तो प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराचे काम अडवतो. अनेक जण दाणे तसेच गव्हात मिसळून दळतात. चपाती तव्यावर मिनिटभरच असते, तेवढ्या उष्णतेवर विसंबू नये.

योग्य पद्धत अशी: स्वच्छ डाळ तिप्पट उकळत्या पाण्यात टाकून 20-25 मिनिटे उकळावी, पाणी काढून कडक उन्हात वाळवावी आणि 9 किलो गव्हाला 1 किलो या प्रमाणात दळावी. डाळ थेट उकळत्या पाण्यात टाकल्याने उग्र वासही कमी होतो, कारण तो वास आणणारे विकर उष्णतेने निकामी होते. या मिश्रणाने पिठातील प्रथिने साधारण 11-12 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या पुढे जातात. पिठात तेल असल्याने ते लवकर खवट होते. पंधरा दिवसांपुरतेच दळावे.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी 127 हा कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नसलेला वाण दिला आहे. घरी खाण्यासाठी दोन-चार ओळी लावायला हरकत नाही, पण तोही शिजवूनच खावा.

सर्वात महत्त्वाचे: पेरणीनंतर उरलेले, बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत खाण्यात किंवा जनावरांच्या खुराकात वापरू नये. धुतल्याने औषध पूर्ण जात नाही. खाण्याचे दाणे मळणीच्या वेळीच वेगळ्या डब्यात काढून ठेवावेत.

थायरॉइडची गोळी सुरू असल्यास सोया पदार्थ आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे. किती, ते डॉक्टरांना विचारावे. सोयाची ॲलर्जी असलेल्यांनी ते टाळावे.