भूमिगत वनस्पतिगृह

जमिनीच्या पातळीखाली पूर्णतः वा अंशतः बांधलेल्या ज्या बंदिस्त खोलीत तापमान, आर्द्रता, हवा व प्रकाश यांचे नियंत्रण करून वनस्पती किंवा अळिंबी वाढवितात, तिला ‘भूमिगत वनस्पतिगृह’ म्हणतात. अळिंबी ही कवके असून आधुनिक वर्गीकरणानुसार ती वनस्पतींत मोडत नाहीत. तथापि जमिनीखालील खोल्यांत घेतल्या जाणाऱ्या पिकांत त्यांना अग्रस्थान असल्याने त्यांचा विचार येथेच करणे सोयीचे ठरते. अशा गृहांचे दोन मुख्य प्रकार आहेत : (१) पारदर्शक छत असलेले व सूर्यप्रकाशावर चालणारे खड्ड्यातील हरितगृह आणि (२) सर्व बाजूंनी बंद असलेली, अंधाराचा उपयोग करून घेणारी किंवा कृत्रिम प्रकाशावर अवलंबून असणारी खोली. माती ही उष्णतेची मंदवाहक असल्याने बाहेरील तापमानातील चढउतार खोलीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत, हे या रचनेमागील मूलतत्त्व होय.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिस येथील दगडाच्या जुन्या खाणींत अळिंबीची लागवड सुरू झाली. खाणींतील सु. १२ ते १५° से. तापमान बटण अळिंबीस (ॲगॅरिकस बायस्पोरस) मानवले व तिला ‘पॅरिसची अळिंबी’ असे नाव पडले. त्याच शतकात ब्रूसेल्स येथे चिकोरीच्या मुळांना तळघराच्या अंधारात फूट आणून तिचे पांढरे, कोवळे गड्डे मिळविण्याची पद्धत रूढ झाली. लंडनमधील क्लॅपम येथे दुसऱ्या महायुद्धकाळातील हवाई हल्ल्यापासून संरक्षण देणाऱ्या बोगद्यांत, जमिनीखाली सु. ३३ मी. खोलीवर, २०१५ च्या सुमारास विद्युत् दिव्यांच्या प्रकाशात पालेभाज्या पिकविण्यात आल्या.

भारतात पहिल्या प्रकाराचे ठळक उदाहरण लडाखमध्ये आढळते. तेथे सु. १ मी. खोल चर खणून त्यावर पॉलिथिनाचे आच्छादन घालतात व रात्री त्यावर जाड पांघरूण टाकतात. लेह येथील संरक्षण संशोधन संस्थेने या चर-हरितगृहांचा प्रसार केला. बाहेर गोठणबिंदूच्या बरेच खाली तापमान असतानाही त्यांत पालेभाज्या तग धरतात.

महाराष्ट्रात भूमिगत लागवडीची जुनी परंपरा नाही; भूमिगत साठवणीची मात्र आहे. सोलापूर, सांगली व मराठवाडा या भागांत धान्य साठविण्यासाठी जमिनीत खणलेली ‘पेवे’ पूर्वी सर्रास असत. सांगलीजवळील हरिपूर येथील हळदीची पेवे विशेष प्रसिद्ध होती. अरुंद तोंड, आत रुंदावत गेलेला पोकळ भाग आणि ओल न धरणारी विशिष्ट माती यांमुळे हळद त्यांत दीर्घकाळ टिके. कृष्णेच्या २००५ मधील महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. जमिनीखालील जागेचे स्थैर्य भूजल व पूर यांच्यावर किती अवलंबून असते, हे या घटनेवरून ध्यानात येते.

जागेची निवड : मुंबई उपनगर जिल्ह्यातील मालाड येथे एकाच वस्तीच्या हद्दीत दोन अगदी भिन्न प्रकारची भूमी आढळत असल्याने जागेच्या निवडीसाठी ते उद्बोधक उदाहरण ठरते. पूर्वेकडील भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांना लागून असून तेथे ज्वालामुखीजन्य खडक उथळ खोलीवरच लागतो. फिकट पिवळसर रंगाचा ‘मालाड दगड’ याच परिसरातला. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या (पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम) बांधकामात कुर्ल्याच्या दगडाबरोबर तो वापरलेला आहे. अशा खडकात खोदकाम कष्टाचे व खर्चाचे असते, परंतु पायास बळकटी मिळते. खडक कठीण असला, तरी त्यातील भेगांतून पावसाळ्यात पाणी पाझरतेच. पश्चिमेकडे मालवणी, मार्वे व खाडीलगतचा भाग सखल असून तेथील गाळाच्या किंवा भरावाच्या जमिनीत भूजल पृष्ठभागाजवळच असते व बऱ्याच ठिकाणी खारट असते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइडांमुळे काँक्रीटमधील पोलादी गज गंजून फुगतात व काँक्रीटला तडे जातात. त्यामुळे खाडीकाठच्या जागेत भूमिगत खोली बांधणे टाळणेच इष्ट होय.

पावसाळ्यातील भूजलपातळी हीच जागेची खरी कसोटी असते. एप्रिल-मे महिन्यांत कोरडा दिसणारा खड्डा जुलैत काठोकाठ भरू शकतो. म्हणून नियोजित तळापेक्षा सु. १ मी. अधिक खोल असा चाचणी खड्डा घेऊन त्यातील पाण्याची पातळी किमान एक पावसाळाभर नोंदवावी. मुंबईतील सांताक्रूझ वेधशाळेत २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. प्रवेशद्वाराचा उंबरठा त्या पुराच्या स्थानिक पातळीच्या वर असावा. बांधकामास बृहन्मुंबई महानगरपालिकेची परवानगी आवश्यक असते. खाडी व समुद्र यांच्या लगत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंधही लागू होतात.

तापमान : जमिनीत पुरेशा खोलीवर वर्षभर जवळजवळ स्थिर तापमान असते व ते त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते. दिवस-रात्रीचा फरक पहिल्या मीटरभरातच नाहीसा होतो. ऋतूंमुळे पडणारा फरक अधिक खोलवर जातो, पण तोही ३ मी. खोलीवर पृष्ठभागाच्या सु. एकतृतीयांश उरतो. पॅरिसमध्ये या स्थिरतेचा अर्थ गारवा असा होतो. मुंबईत तो तसा होत नाही. मुंबईच्या हवेचे वार्षिक सरासरी तापमान सु. २७° से. असल्याने मालाड येथील भूमिगत खोलीही सु. २६ ते २८° से. राहील. मे महिन्यातील दुपारच्या मानाने ती सुखद वाटेल. परंतु १४ ते १८° से. तापमानात फळणारी बटण अळिंबी यंत्राने थंडावा दिल्याशिवाय तेथे येणार नाही. तेव्हा युरोपातील तळघराचा नमुना कोकणात जसाच्या तसा उतरविण्याऐवजी स्थानिक भू-तापमानास जुळणारे पीक निवडणे श्रेयस्कर ठरते.

बांधणी : भिंतींवर मातीचा व पाण्याचा आडवा दाब येतो. पाण्याचा दाब दर मीटर खोलीस प्रत्येक चौ. मी.वर सु. १ टन या प्रमाणात वाढत जातो. त्यामुळे साधी विटांची भिंत पुरत नाही. प्रबलित काँक्रीटच्या भिंती व तळ एकसंध ओतावे लागतात. भिंतीमागे साचणाऱ्या पाण्याचे गांभीर्य मालाडला अपरिचित नाही. २ जुलै २०१९ रोजी अतिवृष्टीत मालाड पूर्वेकडील पिंपरीपाडा येथे जलाशयाची आवारभिंत कोसळून पंचवीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूमिगत खोलीच्या भिंतीबाहेर खडीचा थर व तळाशी सच्छिद्र नळ घालून पाण्यास वाट करून देणे, ही म्हणूनच चैन नसून संरक्षणाचा अत्यावश्यक भाग आहे.

पाण्याचा ऊर्ध्व दाब मात्र पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. बाहेरून ४ मी. लांब, ३ मी. रुंद व २·५ मी. उंच असलेली खोली ३० घ. मी. जागा व्यापते. भूजल छतापर्यंत चढल्यास आर्किमिडीज तत्त्वानुसार तिच्यावर सु. ३० टनांचे उत्प्लावक बल कार्य करते. भिंती, तळ व छत प्रत्येकी २० सेंमी. जाड धरल्यास काँक्रीटचे वजन सु. २६ टनच भरते. म्हणजे रिकामी खोली पाण्यावर होडीप्रमाणे उचलली जाऊन भंग पावू शकते. यावर उपाय म्हणून तळाचे काँक्रीट भिंतींच्या बाहेर चोहोबाजूंनी वाढवून त्यावर मातीचे ओझे घेतात किंवा तळ अधिक जाड करतात.

जलरोधनाचा थर भिंतीच्या बाहेरील अंगास द्यावा. आतून दिलेला थर पाण्याच्या दाबाने सुटून येतो. तळाला एका कोपऱ्याकडे उतार देऊन तेथे लहान हौद करतात व त्यात पाण्याच्या पातळीनुसार आपोआप चालणारा पंप बसवितात. अतिवृष्टीच्या वेळीच वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव अधिक असल्याने दुसरा पंप व त्यासाठी विजेची स्वतंत्र सोय ठेवावी. विद्युत् जोडण्या छताजवळ घ्याव्यात व गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसवावे.

प्रकाश : हिरव्या वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणास लागणारी सर्व ऊर्जा बंद खोलीत विजेच्या रूपाने पुरवावी लागते. पालेभाज्यांसाठी दर चौ. मी. लागवडीस सु. ८० वॉट शक्तीचे एलईडी दिवे रोज सु. १६ तास लावल्यास सु. १·३ युनिट वीज खर्च होते. एकावर एक मांडण्या रचून १२ चौ. मी. क्षेत्र मिळविले, तर दरमहा सु. ४६० युनिटे लागतात. दिव्यांतील जवळजवळ सर्व ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते; म्हणजे खोलीत सु. १ किलोवॉटचा हीटर दिवसातून १६ तास चालू ठेवल्यासारखे होते. माती मंदवाहक असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि जो गुण खोलीस बाहेरच्या उन्हापासून वाचवितो, तोच आतील उष्णता कोंडून धरतो. वातानुकूलनाचा खर्च त्यामुळे वाढतो. ज्या प्रदेशात सूर्यप्रकाश विपुल आहे, तेथे सामान्य भाजीपाल्यासाठी हा मार्ग क्वचितच परवडतो. रोगमुक्त रोपे तयार करणे, संशोधन यांसारख्या विशेष कामांपुरताच तो उपयुक्त ठरतो.

वायुवीजन व सुरक्षितता : कवके, मोड येणारी बियाणी आणि कुजणारा पेंढा श्वसनक्रियेत ऑक्सिजन घेऊन कार्बन डाय-ऑक्साइड सोडतात. हिरव्या वनस्पतीही अंधारात तेच करतात. हा वायू हवेच्या सु. दीडपट जड असल्याने खळग्यात साचून राहतो. बाहेरील हवेत त्याचे प्रमाण सु. ०·०४% असते. ते ०·१% च्या वर गेल्यास धिंगरीचे देठ लांबतात व छत्र्या खुरट्या राहतात. ४% प्रमाण माणसास धोकादायक असते आणि सु. १०% प्रमाणात अल्पावधीत शुद्ध हरपते. म्हणून ताजी हवा आत सोडणारा नळ छताजवळ व दूषित हवा ओढून नेणारा पंखा तळाजवळ बसवितात.

पेव उघडल्यावर काही काळ ते तसेच ठेवून त्यातील वाफ जाऊ द्यावयाची, नंतर दिवा सोडून पाहावयाचा व मगच माणूस उतरावयाचा, असा जुना प्रघात होता. तो अनुभवसिद्ध असला, तरी दिव्याची परीक्षा पुरेशी नव्हे. विषारी वायूंच्या अस्तित्वातही दिवा तेवत राहू शकतो. बंद राहिलेल्या खोलीत शिरण्यापूर्वी पंखा पुरेसा वेळ चालवावा, वायुमापकाने हवा तपासावी आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागोमाग दुसऱ्याने उतरू नये. अशा दुर्घटनांत वाचविण्यास गेलेल्यांचेच प्राण अनेकदा जातात.

पावसाळ्यात मुंबईतील हवा जवळजवळ बाष्पसंपृक्त असते. अशी हवा आत घेतल्याने खोली वाळत नाही. थंड केलेल्या खोलीत तर भिंतींवर दव धरते व बुरशी वाढते. आर्द्रता कमी करणे आवश्यक असेल, तर त्यासाठी स्वतंत्र यंत्र लागते.

पिके : सु. २७° से. तापमान, भरपूर आर्द्रता व अंधूक प्रकाश या परिस्थितीस धिंगरी (प्ल्यूरोटस प्रजाती), दुधी अळिंबी (कॅलोसायबी इंडिका) व भाताच्या पेंढ्यावरील अळिंबी (व्होल्व्हॅरिएला व्होल्व्हेसिया) ही पिके चांगली जुळतात. शेवटच्या दोहोंना ३०° से. किंवा त्याहून थोडे अधिक तापमान मानवत असल्याने त्यांना मे महिन्याचीही अडचण नसते. कोकणात भाताचा पेंढा मुबलक मिळतो. तो रात्रभर भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून व निथळून, अळिंबीच्या बियाण्यासह पिशव्यांत थरांनी भरतात. धिंगरीच्या पिशव्यांत सु. १५ ते २० दिवसांत पांढरी बुरशी सर्वत्र पसरते. मग पिशवी काढून आर्द्रता ८० ते ९०% राखतात. पक्व छत्र्यांतून उडणाऱ्या बीजुकांमुळे फुप्फुसांचा विकार जडू शकतो. म्हणून छत्र्या पूर्ण उमलण्यापूर्वी तोडाव्यात व काम करताना तोंडावर मुखपट्टी बांधावी. महाराष्ट्रात पुणे येथील कृषी महाविद्यालयात अळिंबीविषयक संशोधन केंद्र आहे.

यांखेरीज मोड आणलेली कडधान्ये अंधाऱ्या खोलीत सहज होतात. मात्र ही सर्व पिके जमिनीवरील पेंढ्याच्या किंवा झापांच्या साध्या शेडमध्येही घेता येतात. त्यामुळे टेकडीच्या उतारावरची, नैसर्गिक निचरा असलेली जागा किंवा आधीपासूनच अस्तित्वात असलेले कोरडे तळघर उपलब्ध असेल, तरच भूमिगत वनस्पतिगृह किफायतशीर ठरते. सखल व पाणथळ जमिनीत केवळ थोड्या स्थिर तापमानासाठी पाण्याशी व कोंडलेल्या हवेशी कायमचा सामना पत्करणे व्यवहार्य नसते.