आपल्या लॅबचा आकडा कितपत बरोबर?

- अंतर्गत नियंत्रण : रोजचे. मूल्य ठाऊक असलेला कंट्रोल आपल्याच यंत्रावर तपासून आकडा लेव्ही-जेनिंग्ज आलेखावर मांडतात.
- बाह्य मूल्यमापन (ईक्यूएएस) : मूल्य न सांगता एकसारखा नमुना अनेक लॅबना जातो. बायोकेमिस्ट्रीसाठी वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, हिमॅटॉलॉजीसाठी दिल्लीचे एम्स ही सेवा चालवते.
- झेड-स्कोअर (आपला आकडा गटाच्या सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहे) : ±२ पर्यंत समाधानकारक, २ ते ३ इशारा, ३ किंवा त्याहून अधिक असेल तर कॅलिब्रेशन, रिएजंट, नोंदी तपासून दुरुस्ती. सर्वांत महत्त्वाचे : तुलना तीच पद्धत वापरणाऱ्या लॅबशी हवी.
- मानक : आयएसओ १५१८९:२०२२. मान्यता एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ), ऐच्छिक.