खुजे जंतू, चिवट व्याधी

पायाचे हाड मोडते, त्यात पू होतो, शस्त्रक्रिया होते, औषधे दिली जातात आणि जखम भरून येते. रोगी समाधानाने घरी जातो. दोन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा ठणका लागतो आणि भरलेली जखम वाहू लागते. औषध तर योग्य होते. मग शत्रू दडून राहिला कोठे?

अशा पुवात बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू असतो. द्राक्षांच्या घडासारखी रचना आणि सोनेरी रंग यांवरून त्याला हे नाव मिळाले. प्रयोगशाळेतील बशीत तो पेरला की एका रात्रीत टपोऱ्या वसाहती उठतात. परंतु याच जंतूचे एक खुजे रूपही आहे. त्याच्या वसाहती टाचणीच्या टोकाएवढ्या व फिकट असतात आणि त्या दिसू लागण्यास दोन-तीन दिवस लागतात. चोवीस तासांनी बशी पाहून 'जंतू नाहीत' असा निर्वाळा देणारा येथेच फसतो.

विषमज्वराच्या जंतूंत अशी रूपे १९१० च्या सुमारासच आढळली होती. मात्र ऑरियसच्या खुज्या रूपांचे चिवट दुखण्यांशी असलेले नाते १९९५ मध्ये रिचर्ड प्रॉक्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पष्ट केले.

हा खुजेपणा येतो कशाने? श्वसनासाठी जंतूला हीम हा लोहयुक्त पदार्थ आणि 'के' जीवनसत्त्वाच्या जातीचा एक पदार्थ लागतो. पुष्कळदा यांपैकी एक तयार करण्याची शक्ती जंतू गमावतो. मग श्वसनाची साखळी तुटते आणि वाढ मंदावते. उणा पदार्थ बाहेरून पुरविला, तर तोच जंतू पुन्हा झपाट्याने वाढू लागतो.

नवल असे, की हे दुबळेपणच त्याची ढाल बनते. जेंटामायसिन हे औषध जंतूच्या पटलावरील विद्युत्-दाबाच्या जोरावर आत शिरते. तो दाब घटला की औषध दाराशीच अडते. शिवाय हा जंतू विषे थोडी निर्माण करतो. त्यामुळे शरीराच्या पेशीत शिरल्यावर तो तिला न मारता आत मुक्काम करू शकतो. तेथे त्याला रक्तातील संरक्षक पेशी गाठू शकत नाहीत आणि अनेक औषधेही पोचत नाहीत. पुढे काही जंतू मूळ रूपावर येतात आणि व्याधी पुन्हा भडकते.

यावरील उपचार दीर्घ असतो. मृत हाड काढून टाकावे लागते आणि पेशींच्या आत पोचणाऱ्या रिफॅम्पिसिनसारख्या औषधाला दुसऱ्याची जोड द्यावी लागते. परंतु निदान झाल्याखेरीज उपचार नाही. म्हणून दुखणे उलटले असेल, तर वैद्याने तसे प्रयोगशाळेस कळवावे आणि रिकामी दिसणारी ती बशी आणखी दोन दिवस राखून ठेवावी.